पुरुष नसला तर बाईलासुद्धा

शिवहार : ...म्हणून इंग्लंडच्या राजानं कायदा काढला. प्लेगच्या आधी जेवढी मजुरी होती तेवढीच घ्यायची. जास्ती मागायची नाही, आणि मालकाला सोडून दुसऱ्या गावी कामाला जायचं नाही.

रूपाबाई : थांबा सर, लिहून राहिले मी. दुसऱ्या गावी... जायचं न्हाई. आन गेलं तर?

शिवहार : धरून आणायचे. कोंडून ठेवायचे.

रूपाबाई : काहून पण? माणसं तर मेलेली. अर्धं गाव गेलं म्हणालात तुमी.

शिवहार : कुठं तिसरा हिस्सा, कुठं अर्धं. त्याच्यामुळंच तर कायदा. पेरायला माणूस मिळेना, कापणीला मिळेना. जे वाचले त्यांच्या ध्यानात आलं, की आपण गेलो नाही तर मालकाचं पीक उभ्या उभ्या झडणार. मग त्यांनी दुप्पट मजुरी मागितली.

रूपाबाई : मागतीलच की. मेलेल्यांची कामं बी तेच करून राहिले असतील.

शिवहार : हे लिहा. परीक्षेत असंच लिहा.

रूपाबाई : असं लिवल्यावर मार्क देत न्हाईत, सर. मागच्या साली लिवलं होतं मनानं. याच पेपरात नापास झाले मी.

शिवहार : काय लिहिलं होतं?

रूपाबाई : तुमीच शिकवलं होतं, साथ आली तवा तिकडं लोकांनी ज्यू लोकांवर आळ घेतला, यांनीच विहिरीत विष टाकलं म्हणून. जित्ती माणसं जाळली. ते लिवता लिवता मला आमचं आठवलं. कोरोनाच्या पैल्या साली साखर कारखान्यावरून आमी तांड्यावर परत आलो, तर खालच्या गावानं रस्त्यावर बाभळीचे काटे टाकून ठेवलेले. चौदा दिवस लेकरंबाळं घेऊन वढ्याच्या कडंला बसलो. पाणी बी लांबून वतायचे. दीड पान तेच लिवलं मी.

शिवहार : प्रश्न काय होता?

रूपाबाई : युद्ध आन साथीचे मध्ययुगीन समाजावर परिणाम.

शिवहार : म्हणजे प्रश्नाला धरूनच होतं. फक्त युरोप राहून गेला.

रूपाबाई : युरोप कुठं हाय ते बी मला तुमी नकाशात दाखवलं तवा कळलं. शेहेचाळीस साल उमर झाली माझी.

जळबा : सर, आत येऊ का? अजून किती टाइम लागंल? मला लगनाला जायचं हाय कळमनुरीला. आता गेलो तर पंगत तरी सापडंल.

शिवहार : अर्धा तास, जळबाभाऊ. किल्ली माझ्याकडं द्या आणि तुम्ही निघा. मी लावतो कुलूप.

जळबा : तसं न्हाई जमत. कुलूप मलाच लावायचं हाय. आन सर, बाईंना सांगितलं का तुमी?

शिवहार : सांगतो.

रूपाबाई : काय सांगायचं हाय?

जळबा : आजचा शेवटचा तास हाय, बाई. ऑफिसमधून कागद आला. एका माणसासाठी दर रविवारी कॉलेज उघडता येत न्हाई. तुमचं चुकलं असं न्हाई कुणी म्हणत. यादीवर अकरा नावं होती, बाकीचे दहा आलेच न्हाईत दिवाळीपासून.

रूपाबाई : ते कसे येतील? सात तर आमच्याच तांड्यातले. उसाच्या फडावर गेलेत, कर्नाटकात. आता होळीच्या पुढंच येतील.

जळबा : तेच तर. मी बाहेर बसतो पायरीवर. आटपा तुमी निवांत.

रूपाबाई : सर, मग परीक्षा?

शिवहार : परीक्षा होणार. मे महिन्यात. फक्त तास बंद. पुस्तक आहे तुमच्याकडं, अडलं तर फोन करा.

रूपाबाई : फोनवर युरोप समजत न्हाई मला. बरं, शिकवा मग. अर्धा तास म्हणालात ना. ही साथ त्या लोकांत आली कुठून, ते परत सांगा. लढाईतून आली म्हणाला होतात.

शिवहार : काळ्या समुद्राच्या काठाला इटलीच्या व्यापाऱ्यांचं एक बंदर होतं. त्याला फौजेचा वेढा पडला. वेढा घालणाऱ्या फौजेतच रोग शिरला, मग शहरात गेला. व्यापारी जहाजात बसून घरी पळाले, आणि रोग त्यांच्याबरोबर गेला. जहाज किनाऱ्याला लागेपर्यंत अर्धे खलाशी मेलेले.

रूपाबाई : घरी पळाले, मरायच्या भ्यानं.

शिवहार : हो. आणि ज्यांच्याकडं पळाले, त्यांनाच दिला. दुसरीकडं इंग्लंड आणि फ्रान्सची लढाई चालू होती. शंभर वर्षं थांबून थांबून चालली. साथ आली तेव्हा थोडी थांबली, मग पुन्हा. मध्ये तह झाला की शिपायांचा पगार बंद. मग तेच शिपाई टोळ्या करून गावं लुटायचे.

रूपाबाई : शिपाई म्हंजे कोण? गावातलेच असतील.

शिवहार : पुष्कळसे गावातलेच.

रूपाबाई : मग घरी काहून न्हाई गेले?

शिवहार : घरी कोण उरलं होतं? कुणाचे आईबाप साथीत गेलेले, कुणाचं घर जाळलेलं. कुणाला तोंड दाखवायची लाज वाटत असेल, एवढं सगळं करून झाल्यावर.

रूपाबाई : हं.

शिवहार : पुढचा मुद्दा धर्मगुरूंचा. हा नक्की येतो परीक्षेत. त्यांच्यात असं होतं, की माणूस मरायला टेकला की धर्मगुरूला बोलवायचं आणि जन्मभर जे काही वाईट केलं ते त्याला सांगायचं. त्यानं ऐकलं म्हणजे सुटका. न सांगता मेलं तर सुटका नाही, असं ते मानायचे.

रूपाबाई : आन धर्मगुरूच मेले तर?

शिवहार : तेच झालं. रोग्याच्या उशाशी बसून बसून तेच आधी मेले. काही पळाले. गावंच्या गावं मरून राहिली आणि ऐकायला कुणी नाही. मग इंग्लंडातल्या एका बिशपनं, म्हणजे त्या भागाच्या मोठ्या धर्मगुरूनं, तेराशे एकोणपन्नासच्या जानेवारीत पत्र काढलं. धर्मगुरू सापडत नसेल तर कुणाही माणसाला सांगा. चालेल. आणि पुरुष नसला, तर बाईलासुद्धा.

रूपाबाई : बाईलासुद्धा.

शिवहार : असंच लिहिलं होतं.

रूपाबाई : म्हंजे सगळे मेल्यावर आमची पाळी.

शिवहार : तुम्ही हसता आहात, पण त्यांच्यासाठी ती फार मोठी गोष्ट होती.

रूपाबाई : हसून न्हाई राहिले, सर. मला तशी एक बाई माहीत हाय.

शिवहार : कोण?

रूपाबाई : गोजरबाई नाव तिचं. आडनाव माहीत न्हाई. कधी बघितली बी न्हाई. आमचे मालक दवाखान्यात होते ना, कोरोनाच्या दुसऱ्या साली. मोहनसिंग. आत कुणाला सोडत न्हवते. मी आठ दिवस दवाखान्याच्या भिंतीला लागून पटकुरावर बसलेली. सातव्या दिवशी त्यांच्या फोनवरून फोन आला. मला वाटलं तेच हायत. तर ही बाई. म्हणली, मी हितं फरशी पुसते, तुमच्या माणसाला बोलवत न्हाई आता, त्यानं तुमाला एक सांगायला लावलंय.

शिवहार : काय?

रूपाबाई : मी दहावी झालेली, लग्नाच्या आधी. तांड्यात तवा मी एकटीच तेवढी शिकलेली. वयाच्या बाविसाव्या साली अंगणवाडीसाठी अर्ज केला होता. उत्तरच आलं न्हाई. मालक म्हणाले, आपलं नाव लागलं नसंल, ज्याची ओळख त्याचं काम होतंय. मला बी पटलं. ऊस तोडायला गेले त्यांच्यासंगं. एका कोयत्याला दोन माणसं लागतात, नवरा आन बायको. एकट्या गड्याला मुकादम घेत न्हाई. एकोणीस साल तोडला ऊस.

शिवहार : आणि?

रूपाबाई : कागद आला होता, सर. माझं नाव लागलं होतं. त्यांनी वाचून चुलीत घातला. मी अंगणवाडीत गेले तर कोयता मोडला असता त्यांचा. हे त्यांनी फरशी पुसणाऱ्या बाईला सांगितलं. मला सांगायची हिंमत झाली न्हाई एकोणीस साल.

शिवहार : तुम्ही काय बोललात?

रूपाबाई : काय बोलणार? मला म्हणली, बाई, काही सांगायचं हाय का त्याला, मी कानात सांगते. मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. लोकांना वाटलं, मी रडून राहिली. मी चिडून राहिले होते. चार महिने त्यांच्या फोटोकडं बघितलं न्हाई.

शिवहार : हे कुणाला सांगितलंत का आधी?

रूपाबाई : कुणाला सांगू? पोरगी ज्योती, तिला तिचा बाप लई गोड होता. तांड्यात सांगितलं तर म्हणतील, मेलेल्याचं उणं काढते. आन आता तर तांड्यात हायत कोण? नऊ म्हातारी माणसं आन मी. पुस्तक उघडून बसले की म्हाताऱ्या विचारतात, काय करून राहिली ग? म्हणते, वाचून राहिले. झालं बोलणं.

शिवहार : त्याच्यानंतर नाव घातलंत इथं.

रूपाबाई : व्हय. अंगणवाडीचं वय गेलं माझं. आता कुठं नोकरी लागायची न्हाई, मला ठाऊक हाय. फक्त बघायचं होतं. लागलं असतं तर मला ते काम जमलं असतं का न्हाई. तुमी शिकवा पुढं, सर. जळबाभाऊची पंगत उठंल.

शिवहार : पुढं... जमिनीचं. गावं ओस पडली. इंग्लंडात आजही विमानातून खाली बघितलं तर शेतात घरांच्या जागा दिसतात म्हणे. गवताखाली उंचवटे. नांगराला माणूस नाही म्हणून कितीतरी मालकांनी शेती सोडली आणि जमिनीत मेंढ्या सोडल्या. लोकरीला भाव होता. जिथं साठ घरं होती तिथं एक मेंढपाळ पुरायचा.

रूपाबाई : साठ घरांच्या जागी एक माणूस?

शिवहार : एक माणूस आणि त्याच्या मेंढ्या.

रूपाबाई : तो कुणासंग बोलत असंल?

शिवहार : काय?

रूपाबाई : तो माणूस. दिवसभर मेंढ्यांमागं. घरांच्या जागेवर बसून भाकर खात असंल. कुणासंग बोलत असंल तो? पुस्तकात हाय का?

शिवहार : नाही. पुस्तकात लोकरीचा भाव आहे.

रूपाबाई : सर, काय झालं? पाणी देऊ का?

शिवहार : नको. पुढचं पान काढा.

रूपाबाई : तुमच्या घरी बी मेंढ्या हायत ना? जळबाभाऊ म्हणत होते. नरसीचे तुमी.

शिवहार : होत्या. विकल्या.

रूपाबाई : मग रविवारी घरी काहून जात न्हाई? माझ्यासाठी इथं राहता, मला लई वाईट वाटतं. आई एकल्या हायत म्हणता.

शिवहार : तुमच्यासाठी नाही राहत. हा रविवारचा तास मी मागून घेतला. दुसरा कुणी घेत नव्हता, पण मीही घेतला नसता तर चाललं असतं. तास आहे म्हणून येत नाही, असं सांगता येतं आईला.

रूपाबाई : आता तर तास बंद झाला.

शिवहार : तेच आठवलं मला.

रूपाबाई : भांडण हाय का आईसंग?

शिवहार : भांडण नाही. ती फार चांगली आहे. तिच्या समोर बसलं की ती एकच गोष्ट बोलते, ते ऐकवत नाही.

रूपाबाई : काय बोलतात?

शिवहार : माझे बाबा, नामाजी. तुमचे मालक गेले त्याच साली, उन्हाळ्यात. कनेरगाव नाक्याच्या पुढं साठ मेंढ्या घेऊन चारणीला गेलेले. सोबतीला चुलता होता, त्याला ताप आला म्हणून तो परत आला. बाबा एकटेच राहिले रानात. तिकडंच वारले. आई म्हणते, मी गाठोड्यात फोनचा चार्जर टाकायला इसरले. चार्जर असता तर त्यांनी फोन केला असता. फोन केला असता तर माझा शिवहार धावत गेला असता. पावणे आले तरी हेच सांगते. भाजी निवडताना हेच. पावणेचार वर्षं झाली.

रूपाबाई : आन?

शिवहार : फोन आला होता.

रूपाबाई : बाबांचा?

शिवहार : आला होता, रूपाबाई. चांगला चालू होता फोन. पहिल्या दिवशी म्हणले, अंगात ताप हाय, मेंढ्या पाण्यावर न्यायच्यात, तू ये. मी म्हणलो, आज गोळी घ्या, उद्या येतो. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात चार माणसं गेलेली. मला भ्या वाटलं. दुसरं काही न्हाई, मरायचं भ्या. दुसऱ्या दिवशी तीनदा वाजला. मी हातात धरून बघत राहिलो. नाव दिसत होतं, बाबा म्हणून. न्हाई उचलला. तिसऱ्या दिवशी तिथल्या एका ढाब्यावाल्याचा आला.

रूपाबाई : मग गेलात.

शिवहार : मग गेलो. बाभळीखाली होते. ढाब्यावाला लांबून पाणी ठेवून जात होता, त्यातलं अर्धं तसंच होतं. मेंढ्या कुठं गेल्या न्हवत्या. साठच्या साठ तिथंच बसलेल्या, त्यांच्या भवती. मी आलो तर उठून माझ्याकडं बघायला लागल्या, आता हा नेईल पाण्यावर म्हणून.

रूपाबाई : आईला काय सांगितलं?

शिवहार : तिनं विचारलं, फोन काहून न्हाई केला त्यांनी? मी म्हणलो, चार्जिंग नसंल. तोंडातून निघून गेलं. ती आत गेली, खुंटीवरचा चार्जर घेऊन आली आन खाली बसली. तवापासून तिथंच हाय ती.

रूपाबाई : तुमी काही बोलला न्हाई.

शिवहार : न्हाई. कॉलेजात ह्या गोष्टी शिकवतो. बाप लेकाला सोडून पळाला, भाऊ भावाला सोडून पळाला. पोरं लिहून घेतात. मी फळ्याकडं तोंड करून सांगतो.

जळबा : झालं का, सर?

शिवहार : झालं, जळबाभाऊ. दोन मिनिटं.

जळबा : असू द्या, सावकाश. पंगत तर उठलीच असंल आता. घाई नका करू.

शिवहार : रूपाबाई, एक विचारू? खरं सांगा. तुमाला ते कळलं नसतं, त्या बाईनं फोन केलाच नसता, तर बरं झालं असतं का?

रूपाबाई : पैले चार महिने तसंच वाटायचं. शिव्या दिल्या मी तिला मनातल्या मनात. कशाला सांगितलं म्हणून. मेला तर मेला, चांगला म्हणून मेला असता.

शिवहार : आणि आता?

रूपाबाई : आता असं हाय, की एकोणीस साल मला वाटत होतं, माझ्यातच काही कमी असंल. म्हणून नाव लागलं न्हाई. फडात कोयता मारताना बी तेच डोक्यात. ते गेलं माझं. त्यांचा राग आला, पण ते गेलं. तुमच्या आईला सांगणारं कोण हाय, सर? तुमच्यावाचून कुणाला ठाऊकच न्हाई ते.

शिवहार : तुम्हाला सांगितलं की आता.

रूपाबाई : मला सांगून भागत न्हाई. मी ऐकलं, पण चार्जर माझ्या हातात न्हाई. त्या माउलीच्या हातात हाय.

शिवहार : ती तोंड बघणार नाही माझं.

रूपाबाई : न्हाई बघणार, काही दिवस. मी खोटं काहून सांगू? चिडतील, रडतील, घराबाहेर काढतील कदाचित. पण स्वतःवर चिडून राहिल्यात त्या, ते थांबंल. चला, पुस्तक आवरा. जळबाभाऊला कुलूप लावू द्या.

(डोंगरकड्याचा फाटा, दुपारची वेळ. दोघं एकाच बाकावर बसली आहेत, मध्ये रूपाबाईंची पुस्तकांची पिशवी.)

शिवहार : तीनच्या सुमाराला हिंगोलीची बस असते. तिथून नरसीची गाडी मिळेल.

रूपाबाई : मिळंल. उशीर झाला तरी मिळंल.

शिवहार : तुम्ही परीक्षेला बसा. सोडू नका. तो शेवटचा प्रश्न राहिला, बायकांचा. साथीनंतर पुष्कळ विधवांच्या नावावर जमिनी आल्या, कामं आली. दारू गाळायच्या, विणायच्या. नंतर हळूहळू काढूनही घेतली, पण काही वर्षं होती.

रूपाबाई : वाचते मी ते. लिवते बी. या टायमाला युरोप आधी लिवते, आमचं शेवटी.

शिवहार : पण आमचं लिहाच.

रूपाबाई : लिवते.

शिवहार : आईला सुरुवात कशी करू, तेच कळत नाही. सगळं एकदम कसं बोलायचं.

रूपाबाई : सगळं कशाला एकदम? आधी एवढंच म्हणा, फोन चालू होता. मग गप बसा. पुढचं त्या विचारतील.

शिवहार : फोन चालू होता.

रूपाबाई : व्हय. आन जेवायच्या आधी सांगा. जेवल्यावर सांगितलं तर वाटतं, आधीच काहून न्हाई सांगितलं, गोड बोलून खाल्लं.

शिवहार : तुमची जीप कुठं आहे?

रूपाबाई : ती काय, लिंबाखाली उभी. ती भरल्याबिगर निघत न्हाई. आन आमच्या बाजूला जायला आता माणसंच न्हाईत.

शिवहार : मग कधी निघायची?

रूपाबाई : निघंल. बाजारचं कुणी आलं तर निघंल. सर, ती बघा तुमची आली. हात करा, न्हाईतर थांबायची न्हाई.

शिवहार : तुम्ही एकट्याच बसणार इथं?

रूपाबाई : सवय हाय मला. चढा तुमी, जागा हाय खिडकीला.